वकिलाच्या घरची चौकशी

धाकट्या दिराला वकिलाच्या हाताखाली ठेवायचं होतं तेव्हा आम्ही त्या वकिलाची चौकशी केली. मुलगी द्यायच्या घराची करतात तशी केली. दुसऱ्या तऱ्हेची चौकशी आम्हाला येत नव्हती.

आमचं गाव वेल्ह्याच्या वाटेवरचं. भाताची खाचरं, वर डोंगरात थोडी नाचणी, दोन म्हशी. मालक शेती बघायचे. दीर त्यांच्याहून बराच लहान, पुण्याला खोली घेऊन शिकला आणि साठ ते सत्तरच्या मधल्या कुठल्याशा साली वकील होऊन घरी आला. माझी शाळा चौथीपर्यंतची. वकील म्हणजे काळा कोट आणि पुढची तारीख, एवढंच मला माहीत. गावातल्या बाकीच्यांनाही तेवढंच माहीत होतं.

सनद मिळाली म्हणून कुणी पोत्यानं पैसे आणून ओतत नाही. आधी कुणा जुन्या वकिलाच्या ऑफिसात बसून काम शिकावं लागतं. भोरच्या कोर्टात एक नावाजलेले वकील होते, जमिनीच्या दाव्यांत मुरलेले. त्यांच्याकडं ज्युनिअरची जागा रिकामी झाली होती. त्यांनी तीन पोरांना एकाच दिवशी बोलावलं होतं. दिवसभर ऑफिसात बसवणार, कागद वाचायला देणार, मसुदा लिहायला लावणार, कोर्टात मागं उभं करणार आणि संध्याकाळी तिघांतल्या एकाला ठेवणार.

त्याच सुमारास आमच्या पलीकडच्या एका गावात नवं हायस्कूल निघालं होतं आणि दिराच्या हातात तिथल्या मास्तरकीची ऑर्डर होती. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. वकिलांचा तो दिवस सोमवारच्या आधी येत होता. त्यांनी ठेवलं तर शाळा सोडायची, हे दिरानं ठरवलंच होतं. पण ठेवल्यावर तिथं टिकणं नाही झालं तर शाळाही गेली आणि कोर्टही गेलं. घरात तेवढ्याच गोष्टीची बोलणी चालली होती.

दिरानं त्याच्या परीनं चौकशी केली होती. कॉलेजातल्या सरांना विचारलं, त्यांनी सांगितलं माणूस ज्येष्ठ आहे, काम उत्तम आहे. मग तो स्वतः भोरच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसला, एकदा नाही, बऱ्याचदा. घरी येऊन सांगायचा, वकीलसाहेब आवाज चढवत नाहीत, साक्षीदाराला हळूहळू स्वतःच्या बोलण्यात गुंतवतात, न्यायाधीशानं विचारायच्या आधी कागद पुढं करतात. हे ऐकून मालक माना डोलवायचे. सासूबाईंना यातलं काही उपयोगाचं वाटत नव्हतं.

"आधीचं पोर का गेलं?" त्यांनी विचारलं.

"ते सोडून गेले, आई. दोघं होते, एकामागं एक."

"दोघं?" सासूबाईंनी सुपातले तांदूळ खाली ठेवले. "दोन सुना नांदल्या न्हाईत त्या घरात तुला धाडायचं व्हय?"

"सुना कुठल्या, आई? ज्युनिअर होते."

"तेच. आधीची सून का गेली हे इचारल्याबिगर कुणी पोरगी देतं का?"

दीर हसला. मालकही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या वकिलांच्या जुन्या ज्युनिअरांना थोरली सून आणि धाकटी सून असंच म्हणत राहिल्या.

लग्नाच्या चौकशीची एक रीत असते, ती इथं सांगायला हवी, कारण पुढं सगळं तिच्यावरच घडलं. कुणीही कुणाच्या घराबद्दल तोंडावर वाईट बोलत नाही. उद्या लग्न जमलं तर बोलणाऱ्याचं नाव निघतं. म्हणून सगळे चांगलंच सांगतात आणि ऐकणाऱ्यानं त्यातून काढून घ्यायचं असतं. घर मोठं आहे म्हणाले तर समजायचं काम फार आहे. माणसं शांत आहेत म्हणाले तर घरात एकमेकांशी बोलत नाहीत. आणि शेवटी कुणी 'तुमचं तुमी बघा' म्हणालं, तर मुलगी द्यायची नाही. एवढं आमच्याकडं पोरीसोरींनाही कळतं.

बाजाराच्या दिवशी सासूबाई आणि मी भोरला निघालो. एसटीनं हमरस्त्याला, तिथून कापूरहोळला उतरून भोरची गाडी. माझी मावशी भोरात राहायची, वकिलांच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून. वकील आमच्यातलेच, म्हणजे जातीनं. मावशीला विचारलं. ती चुलीत फुंकर घालत म्हणाली, "घर चांगलं हाय." पुढं काही नाही. भोरात राहायचं तिला होतं, आम्हाला नाही.

"कासारणीला बोलीव," सासूबाई म्हणाल्या.

ही कासारीण साऱ्या गावात बांगड्या भरायला जायची, माजघरापर्यंत. ती आली, ओटीवर फडकं पसरून बसली. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा सासूबाईंना बांगड्या भरायच्या नव्हत्या. माझा हात पुढं केला.

"वकिलांच्या घरला जातीस का गं?" सासूबाईंनी सुरुवात केली.

"जाते की. वकिलीणबाईंस्नी मीच भरते. हिरव्या लागत्यात, जाड काचंच्या. का वो?"

"आसंच. माणसं कशी हायत?"

कासारणीनं माझा हात दाबायचं थांबवलं. बांगडी अर्ध्या पंजावर अडकलेली, माझी बोटं लाल झाली होती. ती सासूबाईंकडं बघून हसली.

"आसं हाय व्हय! पोरगी कुणाची?"

माझ्या तोंडात आलं होतं की पोरगी नाही, पोरगा आहे, आणि लग्न नाही, काम आहे. पण माझ्याआधी सासूबाई बोलल्या.

"हाय आमच्यातली एक."

आमच्या घरात लग्नाची पोरगी नव्हती. एकच नणंद, ती कधीच नांदायला गेलेली. पण कासारीण आता सुटली होती, तिला थांबवणं शक्य नव्हतं.

"वकिलांस्नी पोरबाळ न्हाई," ती म्हणाली. "भावाचा पोरगा लहानपणापासनं हितं आणलाय. त्योबी पुण्याला वकिलीच शिकतोय. आला की चुलत्याच्या शेजारची खुर्ची त्याची. घर, जमीन, आशिलं, समदं त्येचंच."

"आन तवर?" सासूबाईंनी विचारलं.

"तवर काय? ठिवत्यात येकांदं पोर. मागलं पोर लई गुणाचं हुतं, पण त्यानं सोताची आशिलं जमवाया काढली. वकीलसाहेब म्हणलं, हितं पाव्हणा हायस, पाव्हण्यासारखा ऱ्हा. गेलं बिचारं."

म्हणजे थोरल्या सुनेचं नाही तरी धाकट्या सुनेचं कारण कळलं.

"आन पुतण्या कसा हाय सोभावानं?" सासूबाई लग्नाचं सोंग शेवटपर्यंत नेणार होत्या.

कासारणीनं बांगडी एका दाबात वर चढवली. "दिसाया देखणा हाय. वकिलीणबाई तर पोरीला तळहातावर ठिवतील, सासुरवास म्हणून न्हाई. फकस्त पोरगा जरा..."

"जरा काय?"

"परीक्षेला बसतोय दर साली." तिनं दुसरी बांगडी उचलली. "तुमचं तुमी बघा."

तिला जायला सांगून सासूबाई जाग्यावरच म्हणाल्या, "न्हाई द्यायची पोरगी."

"आत्याबाई, आपल्यात पोरगी न्हाई," मी म्हणाले.

"तरीबी न्हाई द्यायची."

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, खरं का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोर्टाचं इचारतोय म्हणलं की माणूस गप हुतं. लगनाचं इचारतोय म्हणलं की बोलतं. तुला काय पायजे, गप माणूस का बोलतं माणूस?"  माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. नवरा म्हणून जे वाईट, ते आमच्या कामाला चांगलं होतं. पुतण्या दर साली परीक्षेला बसतच राहिला तर शेजारची खुर्ची रिकामीच राहणार होती.

घरी आल्यावर दिराला सगळं सांगितलं. पुतण्या, खुर्ची, पाहुण्यासारखं राहायचं, परीक्षा. तो ऐकताना हातातल्या पेन्सिलीनं जमिनीवर रेघा ओढत होता.

"कुणी सांगितलं?"

"कासारणीनं."

"वहिनी, कासारीण म्हणजे पुरावा नाही."

"मग सोडा."

त्यानं सोडलं नाही. रात्री जेवताना मालकांना म्हणाला, "पुतण्या पास झाला नाही तर तिथं जम बसेल, दादा. झाला तरी चार वर्षांचं शिकणं कुठं जात नाही." मालक म्हणाले, बघ तुझं तू. कासारणीला काय सांगून बोलतं केलं ते त्यानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. लग्नाच्या चौकशीत खोटं बोलणं हे खोटं बोलण्यात धरत नाहीत.

वकिलांचा दिवस पुन्हा बाजाराचाच होता. मी दिराबरोबर गेले, मावशीला तांदूळ द्यायचे होते आणि त्याचा डबा न्यायचा होता. बाहेरचं खाल्लं की त्याचं पोट बिघडायचं. कापूरहोळला दुसऱ्या गाडीची वाट बघताना तो ओठ हलवत कलमं पाठ म्हणत उभा होता. कोट कुणाचा तरी मागून आणलेला, खांद्यात मोठा. मी सांगितलं की कोट मोठा आहे. तो म्हणाला, आता काय करू. खरंच काही करता येत नव्हतं.

वकिलांच्या घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. मागं माजघर, स्वयंपाकघर, परसू. सकाळी तीन पोरं आत जाताना मी बघितली: आमचा, एक भोरचाच व्यापाऱ्याचा मुलगा, आणि एक सासवडकडचा, हडकुळा, चष्मेवाला. तिघांना एकेका बाकावर बसवून कारकुनानं कागदांचे गठ्ठे दिले. मी मावशीकडं गेले.

दुपारी डबा घेऊन आले तर तिघंही कोर्टातून परत येऊन पाय धूत होते. मी ओट्याच्या कडेला डबा ठेवला आणि वळले, तोच आतून हाक आली.

"अहो, वेल्ह्याकडच्या ना तुम्ही? आत या की. बाहेरूनच कशा चाललात?"

वकिलीणबाई दारात उभ्या होत्या. गोऱ्या, अंगानं भरलेल्या, हातात त्या जाड हिरव्या बांगड्या. मी म्हणाले, जाते, उशीर होतोय. त्यांनी माझा दंड धरून मला माजघरात नेऊन बसवलं. पोह्यांची बशी पुढं आली, वर ओलं खोबरं. मी खायला लागले. समोर अन्न आलं तर मी नाही म्हणत नाही.

"कासारीण म्हणाली मला सगळं, आज तुम्ही मावशीकडं आलाय तेही," त्या जवळ सरकून बसल्या. "संकोच कशाला करता? आम्हालाही आनंदच आहे. घराणं माहितीतलं, मुलगी शेतातली, कामाची सवय असलेली. आम्हाला शिकलेली नकोच आहे. तुमची कोण ती? नणंद?"

मी पोहे गिळले.

"सांगू का," त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, आमच्याकडं कुणी सांगून आलेलं नाही. परीक्षेचं लोकांना कळतं. लोक मला म्हणतात, पास होऊ दे, मग बघू. पास काय, होईलच की कधीतरी. मुलगा वाईट नाही हो." त्या उठल्या आणि फडताळातून फोटो घेऊन आल्या. पुतण्या स्टुडिओतल्या खुर्चीला रेलून उभा होता, केसांचा कोंबडा काढलेला. खरंच देखणा होता. "हा न्या दाखवायला. मी शेजारी सांगितलंय, वेल्ह्याकडचं स्थळ आलंय म्हणून."

फोटो घेऊन मी काय करणार होते? घरात लावणार? मी तो पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"बाई, आमच्यात मुलगी न्हाई."

"म्हणजे? ठरलं का तिचं दुसरीकडं?"

"मुलगी नव्हतीच. तो बाहेर बसलाय तो माझा दीर. त्याला तुमच्या हितं ठेवायचं म्हणून घराची चौकशी केली. कासारणीला लग्नाचं वाटलं. सासूबाईंनी वाटू दिलं."

त्यांनी फोटो पदरानं पुसला, जणू मी हात लावून मळवला होता. मग म्हणाल्या, "माझ्या घरातलं सगळं खोटं बोलून काढून घेतलंत. मी वाण्याकडून खोबरं आणवलं तुमच्यासाठी." आणि फोटो फडताळात ठेवून त्या सरळ पुढच्या खोलीत गेल्या. बशी माझ्या हातातच होती. ती मी मोरीत नेऊन ठेवली आणि माजघराच्या दारात उभी राहिले, कारण आता बाहेर पडायचं तर ऑफिसातूनच जावं लागत होतं.

वकीलसाहेबांनी कारकुनाला सांगून बाकीच्या दोघांना ओट्यावर जेवायला पाठवलं. खोलीत ते, वकिलीणबाई, दीर आणि दारात मी. वकिलीणबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. वकीलसाहेबांनी खरोखरच आवाज चढवला नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुला माहीत होतं?"

दिरानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावरून त्याला कळलं की खरं आहे. "नाही," तो म्हणाला.

"चौकशी झाली ते माहीत होतं?"

"हो."

"काय कळलं?"

मला वाटलं तो काहीतरी गुळमुळीत बोलेल. नाही बोलला. "ही खुर्ची तुमच्या पुतण्याची आहे, असं कळलं. ज्युनिअरनं स्वतःची आशिलं जमवलेली तुम्हाला चालत नाहीत. आणि..." तो वकिलीणबाईंकडं बघून थांबला.

"आणि पुतण्या नापास होतो," वकीलसाहेबांनी वाक्य पुरं केलं. "हे सगळं खरं आहे. आणि हे माहीत असूनही तू आज आलास."

"हो."

"का?"

"तुमचं काम बघितलंय मी कोर्टात."

वकीलसाहेबांनी समोरचा कागद उचलला. सकाळी दिरानं लिहिलेला मसुदा असावा. "तिघांत हा चांगला आहे," ते म्हणाले. "अक्षर वाईट आहे, पण मुद्दा पहिल्या ओळीत आहे. बाकीच्या दोघांचा दुसऱ्या पानावर आहे. तुला ठेवायचं मी कोर्टातून येतानाच ठरवलं होतं."

वकीलसाहेबांनी तो कागद गठ्ठ्याखाली सरकवला.

"आता नाही ठेवता येणार. ऐक. या खोलीत लोक घरातली भांडणं घेऊन येतात. भावानं भावाचा बांध कोरला, सासऱ्यानं विधवा सुनेचं नाव लावलं नाही, असली. आपल्या चुलीपाशी जे बोलत नाहीत ते इथं बोलतात. आणि तुझ्या घरची माणसं बाजारच्या दिवशी ओटीवर बसून दुसऱ्याच्या घरातलं बाहेर काढतात, तेही खोटं सांगून."

मला गप्प राहवलं नाही. माझ्यावर चुकीचा आळ मी घेत नाही.

"वकीलसाहेब, आमी तुमच्या घरचं कुणाला सांगितलं? सांगितलं कासारणीनं. आमी फक्त ऐकलं. आन तुमी सोता कोर्टात साक्षीदाराला बोलण्यात गुतवता, ते काय खरं सांगून गुतवता व्हय?"

"वहिनी!" दीर ओरडला.

वकीलसाहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. रागावले नव्हते. "कासारीण बोलली हे बरोबर आहे बाई," ते म्हणाले. "पण कासारणीला मी ज्युनिअर म्हणून ठेवत नाही." मग म्हणाले, "आणि दुसरं सांगतो. ज्युनिअर इथं दुपारी जेवतो. आमच्या मंडळी त्याला वाढतात. आज जे झालं त्यावर त्यांनी याला रोज वाढावं असं मी सांगू शकत नाही."

वकिलीणबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी जर तेव्हा मागं वळून 'असू दे, राहू दे त्याला' म्हटलं असतं तर गोष्ट बदलली असती, असं मला वाटतं. त्या वळल्या नाहीत. त्यांनी का वळावं? स्थळ आलं म्हणून त्यांनी चार घरी सांगितलं होतं. आता चार घरी जाऊन नाही आलं म्हणून सांगायचं होतं.

दीर वाकून नमस्कार करून बाहेर पडला. डबा तसाच भरलेला होता. सासवडकडचा पोरगा भाकरी तोडत होता, त्यानं विचारलं, "काय झालं?" दीर म्हणाला, "तुम्ही बसा." संध्याकाळी त्यालाच ठेवलं. तो तिथं टिकला. पुतण्या वकील झालाच नाही, पुढं तो पुण्यात कुठल्याशा दुकानात लागला आणि ती खुर्ची त्या चष्मेवाल्याला मिळाली. हे सगळं नंतरचं. कासारणीचं बोलणं आम्ही बरोबर वाचलं होतं, एवढं त्यावरून कळलं. त्याचा आम्हाला उपयोग झाला नाही.

कापूरहोळला गाडी चुकली. फाट्यावर एका हॉटेलाच्या बाकावर बसलो. दीर कोट काढून मांडीवर घेऊन बसला होता.

"लग्नाचं का सांगितलंत?"

"मी न्हाई सांगितलं."

"तुम्ही तिथं होतात."

"व्हते. सासू बोलत असताना सुनेनं मधी बोलायचं का? तुमीच सांगा, वकील हायसा."

 कोटाची घडी घालत तो म्हणाला, "आज सकाळी मी एका म्हाताऱ्याशी बोललो. दाव्यातला. तिघांपैकी प्रत्येकाला एक आशील दिला होता बोलायला. म्हातारा म्हणाला, बाळा, तुला समजलं माझं." मग त्यानं चहा मागवला आणि डबा उघडून खाल्लं. सगळं खाल्लं.

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं.  मालकांनी कपाळाला हात लावला. सासूबाई उठल्या, म्हशीला वैरण टाकून आल्या आणि म्हणाल्या, "त्यात काय आवघड हाय? माझ्या भनीची नात हाय की. गावठाणात ऱ्हाते. चौथी शिकलीय, नाकीडोळी नीट हाय. फोटू मागवून घ्या. पोरगी दिली की झालं, खोटं कुठं ऱ्हातंय मग?"

"आई!" दीर म्हणाला. "वहिनी सांगत होत्या, तूच म्हणालीस त्या पोराला पोरगी द्यायची नाही!"

"माझी द्यायची न्हाई म्हणले. भनीच्या नातीचं तिच्या बापाला बघू द्या."

मालक हसायला लागले. मीही हसले. दीर उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. सासूबाईंनी खरोखरच बहिणीकडं निरोप धाडायची तयारी केली होती, ती मालकांनी थांबवली. दीर आईशी त्यानंतर कामापुरतं बोलायचा. हे किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही, पण भात लावून झालं तरी चालू होतं. सासूबाईंना त्याचं काही वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. त्यांच्या लेखी त्यांनी पोराला एका वाईट घरातून वाचवलं होतं.

सोमवारी तो शाळेत हजर झाला. वळकटी आणि एक ट्रंक घेऊन गेला. शाळा म्हणजे देवळामागची एक पत्र्याची खोली आणि समोरचं मोकळं आवार. कोट ज्याचा होता त्याला परत दिला. सनदेचा कागद ट्रंकेत तळाशी असणार, मी विचारलं नाही.

पावसाळा संपल्यावर मी तांदूळ आणि पीठ घेऊन त्याच्याकडं गेले होते. तो पोरांना गणितं घालून दारात बसला होता. एक बाई कागद घेऊन आली, मामलेदार कचेरीतून आलेला, कुळाच्या जमिनीचा. तिचा दीर तिला जमिनीवर येऊ देत नव्हता. त्यानं कागद दोनदा वाचला, तिला पाच-सहा गोष्टी विचारल्या, आणि मग त्याच वकिलांचं घर कुठं आहे ते सांगितलं, कुठल्या गल्लीत वळायचं, सकाळी कधी भेटतात.

ती गेल्यावर मी म्हणाले, "त्याच माणसाकडं धाडलंत?"

"मग कुणाकडं धाडू? जमिनीचं काम त्यांच्याइतकं भोरात कुणाला येत नाही."

"तुमी सोता का घेत न्हाई? शिकलाय की."

"मास्तर आहे मी, वहिनी. पगाराची नोकरी धरली की कोर्टात उभं राहता येत नाही, तसा कायदाच आहे." तो उठला, आत डोकावून पोरांना म्हणाला की पाचवं गणित कुणाचं झालं, हात वर करा. तिघांनी केले. तो आत गेला. मी पीठ डब्यात ओतलं आणि पिशवी झटकून गाडीच्या वाटेला लागले.